वृत्तपत्रांतील नगरजीवन : भंडारा

जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे एखाद्या नगराच्या दैनंदिन जीवनाचा मागोवा घेणे, ही स्थानिक इतिहासलेखनाची एक महत्त्वाची शाखा होय. राजवटींचे बदल, तह, महसुलाची व्यवस्था यांची माहिती दप्तरांतून व शासकीय अहवालांतून मिळते. परंतु बाजारात तांदूळ कोणत्या भावाने मिळत होता, नगरपालिकेने कोणता कर बसविला, आगगाडी किती वाजता येत असे, दिव्याचे तेल कोठून येई, कोणत्या रोगावर कोणते औषध विकले जाई, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे बहुधा वृत्तपत्रांच्या स्तंभांतच विखुरलेली असतात. मुंबई व पुणे या शहरांपुरता अशा साधनांचा वापर बराच झाला आहे. वृत्तपत्रांच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या बाबतीत मात्र या साधनांचे स्वरूप, त्यांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

पार्श्वभूमी : वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा हे नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातील एक ठाणे होते. दुसरे राजे म्हणून नव्हे, तर तिसरे रघूजी म्हणून ओळखले जाणारे भोसले राजे १८५३ मध्ये निधन पावल्यावर ते राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात हा जिल्हा समाविष्ट झाला. १८६७ मध्ये भंडारा येथे नगरपालिका अस्तित्वात आली. १९०१ च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या १४,०२३ होती. पितळेची भांडी घडविणे हा तेथील प्रमुख व्यवसाय होता व ‘भाणे’ म्हणजे पितळेचे ताट या शब्दावरून गावाचे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये नोंदविलेली आहे. पवनी येथे रेशीमकाठी कापड विणले जाई. तुमसर व गोंदिया ही व्यापाराची ठाणी रेल्वेमुळे पुढे आली. मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० नंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असे जिल्ह्याचे प्रशासकीय स्थलांतर झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. या बदलांमुळे जिल्ह्याचे जुने शासकीय कागद एका ठिकाणी राहिले नाहीत. म्हणूनही वृत्तपत्रांतील नोंदींना पूरक साधन म्हणून विशेष मोल येते.

भंडाऱ्याचा वृत्तान्त देणारी पत्रे : मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण या पत्राने ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस झाला. पुण्याचे ज्ञानप्रकाश १८४९ मध्ये व केसरी १८८१ मध्ये निघाले. १८६० नंतरच्या दशकांत अकोला, अमरावती व नागपूर येथेही मराठी पत्रे निघू लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर हे या भागातील वृत्तपत्रांचे मुख्य केंद्र बनले. तेथून १९०७ मध्ये देशसेवक, १९११ मध्ये हितवाद हे इंग्रजी पत्र आणि १९१४ मध्ये गोपाळराव ओगले यांचे महाराष्ट्र ही पत्रे सुरू झाली. १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली तरुण भारत हे दैनिक निघू लागले व १९७१ मध्ये लोकमत हे दैनिक नागपूरहून प्रसिद्ध होऊ लागले. भंडाऱ्याच्या बातम्या प्रामुख्याने या नागपुरी पत्रांतून शोधाव्या लागतात.

जिल्ह्याच्या गावी राहणारा बातमीदार हा बहुधा वकील, शिक्षक किंवा पुस्तकविक्रेता असे व तो वृत्तपत्राचे काम फावल्या वेळात करी. त्याचे पत्र टपालाने जाई, संपादकाच्या सोयीने त्याची काटछाट होई आणि साप्ताहिकाच्या अंकात ते काही दिवसांनी छापले जाई. त्यामुळे अंकावरील तारीख व घटनेची तारीख यांत अंतर पडते. बातमीतील ‘गेल्या मंगळवारी’, ‘परवा’ यांसारखे शब्द पत्र लिहिल्याच्या दिवसापासून मोजावयाचे, की अंक निघाल्याच्या दिवसापासून, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

बाजारभाव व मापे : भंडारा हा तळ्यांचा व भाताचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथील भातशेती अवलंबून होती. तांदळाचा भाव हा म्हणूनच नगरजीवनाचा सर्वांत विश्वासार्ह निर्देशक ठरतो. जुन्या पत्रांतील भाव ‘रुपयास इतके शेर’ असे दिलेले असतात. या पद्धतीत आकडा वाढला म्हणजे धान्य स्वस्त झाले व उतरला म्हणजे महागले, असा अर्थ होतो. आजच्या वाचकाची येथे हटकून फसगत होते. शिवाय शेराचे वजन सर्वत्र सारखे नव्हते आणि खेड्यांतून पायली, कुडव, खंडी ही मापेच चालत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली व १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. या काळातील अंकांत आणे व नवे पैसे, शेर व किलो यांची कोष्टके आढळतात. साध्या गिऱ्हाइकाचा व दुकानदाराचा हिशेब कसा बदलला, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

दुष्काळाच्या वर्षांत या स्तंभाचे महत्त्व वाढते. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची मोठी हानी केली. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सु. ७.४३ लाख होती, ती १९०१ मध्ये सु. ६.६३ लाखांवर आली. जनगणनेचा आकडा दहा वर्षांची घट एकदम सांगतो. ती कशी घडत गेली, हे आठवड्याआठवड्याच्या भावांवरून, पाऊसपाण्याच्या वृत्तांवरून व दुष्काळी कामांच्या बातम्यांवरून कळते. धान्याचे भाव चढू लागले, की काही आठवड्यांनी चोऱ्यांच्या व गाव सोडून जाणाऱ्यांच्या बातम्या येऊ लागतात; त्यानंतर रोगराईची वृत्ते सुरू होतात. हा क्रम लक्षात घेऊन वाचल्यास निरनिराळ्या पानांवरील किरकोळ वाटणाऱ्या नोंदी एका साखळीत बसतात. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी सोसणाऱ्या प्रदेशांपैकी एक होता. त्या काळातील औषधांच्या जाहिराती व मृत्युवार्ता यांचेही असेच परस्परसंबंधाने वाचन करावे लागते.

रेल्वे व वेळ : १८८० नंतरच्या काही वर्षांत नागपूर–छत्तीसगढ हा मीटरमापी लोहमार्ग जिल्ह्यातून गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला. लोहमार्ग भंडारा नगरातून न जाता वरठीवरून गेला व तेथील स्थानकास ‘भंडारा रोड’ हे नाव मिळाले. नगरापासून सु. १० किमी. दूर असलेल्या या स्थानकामुळे टांगा, दमणी व पुढे मोटार यांच्या भाड्याचा प्रश्न नगरजीवनात कायमचा आला. गोंदियाला मात्र लोहमार्गांचे जंक्शन लाभले. जबलपूरकडे जाणारा सातपुडा विभागातील अरुंदमापी मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाल्यावर त्या गावाचा व्यापार झपाट्याने वाढला. जिल्ह्याचे ठाणे एकीकडे व बाजारपेठ दुसरीकडे, अशी जी विभागणी पुढे दृढ झाली, तिची चाहूल जुन्या जाहिरातींत व व्यापारी वृत्तांत लागते.

वेळेसंबंधीही दक्षता आवश्यक आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्यापूर्वी रेल्वेचे वेळापत्रक मद्रासच्या वेळेनुसार असे व गावातील व्यवहार स्थानिक वेळेप्रमाणे चालत. त्यामुळे १९०६ पूर्वीच्या बातमीतील ‘सकाळी सात’ ही वेळ कोणत्या घड्याळाची, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

नगरपालिका व जाहीर सूचना : दैनंदिन इतिहासासाठी अग्रलेखापेक्षा शेवटच्या पानावरील जाहीर सूचना अधिक उपयोगी पडतात. बातमी ही स्वभावतः अपवादाची असते. आग लागली, पूर आला, खून झाला, की ती छापली जाते. आग न लागलेल्या हजारो रात्रींची बातमी होत नाही. जाहीर सूचनेचे तसे नसते. बाजाराचा ठेका, कोंडवाड्यातील बेवारशी जनावरांचा लिलाव, खताचा लिलाव, घरपट्टीची थकबाकी, मतदारांच्या याद्या, शाळेतील शिक्षकाची जागा, दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने होणारी घरांची विक्री यांसंबंधीच्या सूचना ठराविक काळाने पुन:पुन्हा येतात. त्यांच्या पुनरावृत्तीतून नगराच्या नेहमीच्या जीवनक्रमाचा आराखडा मिळतो. घराच्या विक्रीच्या सूचनेत चतुःसीमा दिलेल्या असतात. अशा सूचना एकत्र केल्यास एखाद्या आळीत कोण कोणाच्या शेजारी राहत होते, भिंती मातीच्या होत्या की विटांच्या, छपरावर कवेलू होते की गवत, हे समजू शकते.

जकात हा नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता व तक्रारींचाही. जकात नाक्यावरील अडवणुकीची पत्रे, दरवाढीविरुद्धच्या सभा व व्यापाऱ्यांचे बंद यांच्या बातम्या अनेक दशके आढळतात. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या क्षेत्रात जकात १९९९ मध्ये रद्द झाल्यावर हा विषय वृत्तपत्रांतून नाहीसा झाला. एखादा विषय कधी दिसू लागतो व कधी दिसेनासा होतो, हाही इतिहासाचा पुरावा असतो.

१९८४ च्या दुरुस्तीनंतर १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखालील प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करणे आवश्यक झाले व त्यांपैकी निदान एक दैनिक प्रादेशिक भाषेतील असण्याची अट होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्यानंतरच्या वृत्तपत्रांत बुडीत क्षेत्रातील गावे व जमिनी यांसंबंधी प्रसिद्ध झालेल्या सूचना बहुतेक वाचकांनी न वाचताच पान उलटले असेल. परंतु जी गावे जुन्या जागी राहिली नाहीत, त्यांच्या गटांची, क्षेत्रांची व खातेदारांची ती सार्वजनिक नोंद आहे. पुनर्वसित कुटुंबांच्या पुढील पिढ्यांना आपल्या मूळ गावाचा शोध घेताना या बारीक अक्षरांतील स्तंभांचा आधार घ्यावा लागेल.

जाहिराती व व्यवसाय : बाळामृत, मलमे, शक्तिवर्धके, कंदील, शिवणयंत्रे, सायकली, चहा व साबण यांच्या जाहिरातींवरून बाहेरचा माल नगरात केव्हा व कोणत्या वाटेने आला, याचा अंदाज येतो. मात्र जाहिरात छापली गेली म्हणून वस्तू घरोघरी पोहोचली, असे मानणे चूक ठरेल. नागपूरच्या पत्रातील जाहिरात ही प्रथम नागपूरच्या गिऱ्हाइकासाठी असे. तिच्याखाली भंडारा, तुमसर किंवा गोंदिया येथील विक्रेत्याचा पत्ता असल्यासच ती जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन ठरते. पितळी भांड्यांचा धंदा, पुढे ॲल्युमिनियम व स्टेनलेस पोलाद यांच्या भांड्यांनी त्याला दिलेली टक्कर, पवनीच्या व आंधळगावच्या विणकरांसमोरील गिरणीच्या कापडाचे आव्हान, या घडामोडी जाहिराती व व्यापारी वृत्ते एकत्र वाचल्यावर स्पष्ट होतात. तुमसर परिसरातील मँगॅनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाल्या. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत त्यांची मागणी कोसळली. मंदी हा शब्द अग्रलेखात येण्यापूर्वीच खाणकामगारांच्या बेकारीच्या रूपाने ती जिल्ह्याच्या पत्रात उतरलेली असते.

अनुपस्थित नागरिक : वृत्तपत्रांतील नगर हे संपूर्ण नगर नव्हे. साक्षरता अल्प असताना वर्गणीदार, बातमीदार व पत्रलेखक हे मोजक्या वर्गांतील पुरुष होते. भातशेतीवरील मजूर, ढीवर, कोष्टी व महार विणकर, गोंड आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांची नावे त्यांत क्वचितच येतात. आली तरी आरोपी, मृत किंवा मदतीस पात्र म्हणून येतात. स्त्रियांचा उल्लेख बहुधा विहिरीतील अपघातात किंवा औषधांच्या जाहिरातीत सापडतो. विडीधंद्यातील स्त्रीचे रोजचे काम पाहावयाचे, तर बातम्यांपेक्षा १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली जाहीर झालेले हजार विड्यांचे दर व १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमासंबंधीची वृत्ते अधिक उपयोगी ठरतात.

ही उणीव ज्यांच्या वाट्यास आली, त्यांनी तिची दखल त्याच काळात घेतली होती. किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपूर येथून अस्पृश्यवर्गीयांसाठी पत्रे चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक व ३ एप्रिल १९२७ रोजी बहिष्कृत भारत सुरू केले. विहीर, शाळा, मंदिर, बाजारातील स्पर्श, बैलगाडीतील प्रवास या विषयांवरील मजकूर या पत्रांत ठळकपणे येतो. त्याच वर्षांतील इतर पत्रांत तो तुरळक आढळतो. नगरातील विहिरींचा इतिहास केवळ नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या बातम्यांवरून लिहिला, तर पाणी कोणाला मिळत नव्हते, हे त्यात येणार नाही. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक डॉ. आंबेडकरांनी लढविली व तीत काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. त्याच वेळी अशोक मेहता हेही या द्विसदस्यीय मतदारसंघातून विजयी झाले. या निवडणुकीमुळे देशातील वृत्तपत्रांचे लक्ष काही आठवडे भंडाऱ्याकडे लागले. अशा प्रसंगी बाहेरून आलेल्या वार्ताहरांनी रस्ते, सभास्थाने, प्रवास व मतदार यांची जी वर्णने केली, ती स्थानिक बातमीदाराला नित्याची असल्यामुळे लिहावीशी वाटली नसती. सर्व बाजूंची पत्रे समोर ठेवून तौलनिक वाचन करणे, हाच एकांगीपणावरील उपाय होय.

बोलीच्या बाबतीतही असेच घडले. जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, हिंदी, गोंडी या भाषा-बोली प्रचारात असताना बातमी पुण्याच्या वळणाच्या प्रमाण मराठीत लिहिली गेली. दंडारीचा खेळ किंवा दिवाळीनंतरची मंडई यांची दखल घेतली गेली, तरी तेथील बोलणे मात्र छापले गेले नाही.

शासकीय नियंत्रण व उणिवा : १८६० नंतरच्या दशकांत सरकारी अनुवादक देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश तयार करीत. मध्य प्रांतातील पत्रांचे सारांश प्रारंभी पंजाब, वायव्य प्रांत व अयोध्या यांच्याबरोबर एकत्रित काढले जात. मूळ अंक नष्ट झाले असता हे सारांश उपयोगी पडतात. पण राजकीय मजकूर टिपणे हा त्यांचा हेतू असल्यामुळे बाजारभाव व किरकोळ वृत्ते त्यांत गळतात. केवळ सारांशांवर विसंबणाऱ्यास नगर नेहमी क्षुब्ध असल्याचा भास होतो. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, १९१० चा मुद्रण कायदा व १९३० नंतरचे वटहुकूम यांमुळे संपादकांची लेखणी आखडली. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसर येथे गोळीबार झाला. त्या सुमारास अनेक राष्ट्रीय पत्रांनी प्रसिद्धी थांबविली होती व उरलेल्यांवर निर्बंध होते. अशा काळातील वृत्तपत्रांचे मौन हे घटना न घडल्याचा पुरावा मानता येत नाही. तेथे न्यायालयीन कागद व लोकस्मृती यांचा आधार घ्यावा लागतो.

जतन व शोध : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वृत्तपत्रांसाठी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वापरात आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. घडीच्या जागी प्रथम तुटतो. पूर्व विदर्भातील दमट पावसाळा व वाळवी यांमुळे ही हानी लवकर होते. १९५६ च्या दुरुस्तीनंतर वृत्तपत्रांच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठराविक ग्रंथालयांकडे पाठविणे कायद्याने आवश्यक झाले. त्यापूर्वीचे अंक मात्र वृत्तपत्र कार्यालये, जुनी वाचनालये व खाजगी संग्रह यांच्या आस्थेवरच टिकले. जिल्हावार पुरवण्या सुरू झाल्यानंतर आणखी एक अडचण निर्माण झाली. भंडाऱ्याची बातमी भंडाऱ्याच्याच पुरवणीत येऊ लागली. संग्रहात नागपूरची शहर आवृत्ती बांधून ठेवलेली असल्यास त्या बातमीचा तेथे मागमूस लागत नाही. म्हणून लहान गावातील वाचनालयाची फाटकी बांधणी ही पुष्कळदा एकमेव प्रत असते.

अंकीय प्रतिमांमुळे शोध सुलभ झाला असला, तरी तो निर्दोष नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वार विपुल असल्यामुळे आजच्या लेखनानुसार घेतलेल्या शोधात बरेच शब्द निसटतात. ‘भंडारा’ हा शब्द देवस्थानचा प्रसाद, सार्वजनिक भोजन व हळदीची पूड या अर्थांनीही येतो; त्यामुळे केवळ त्या शब्दाने शोधल्यास जेजुरीची जत्रा व वैनगंगेकाठचे नगर एकाच यादीत येतात. वरठी, तुमसर, पवनी, मोहाडी, साकोली, लाखांदूर अशा गावांची नावे, तसेच रस्त्यांची व तलावांची नावे जोडून शोध घेणे हितावह ठरते.

वृत्तपत्रातील नोंद ही स्वतःपुरती अंतिम नसते. नगरपालिकेचे ठरावबुक, जनगणना, जिल्हा गॅझेटिअर, शासकीय राजपत्रातील धान्यभाव, शाळांची दाखलनोंद आणि वृद्धांच्या आठवणी यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. या साधनांत मतभेद आढळला, तर तो लगेच मिटविण्याची घाई न करता प्रत्येक नोंद कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने केली, हे पाहणे आवश्यक असते. जिल्ह्यातील वाचनालयांनी आपल्याकडील जुन्या बांधण्यांची सूची करणे, जिल्हा पुरवण्या स्वतंत्रपणे जतन करणे व ठिसूळ झालेल्या अंकांच्या प्रतिमा प्रथम घेणे, ही या क्षेत्रातील तातडीची कामे होत. राज्यस्तरावरील मोठ्या घटनांचे पुरावे अनेक ठिकाणी सुरक्षित राहतात. परंतु तांदळाचा भाव, घराच्या चतुःसीमा व बुडालेल्या गावाचे गट दाखविणारे पान एकदा नष्ट झाले, म्हणजे ते पुन्हा मिळण्याचा दुसरा मार्ग सहसा उरत नाही.